विनिताची जागा

रामनाथ : …चार वाजता येनार महादू. पार्टीला घेऊनच येतोय, कागदासकट. तू आंघोळ कर, जेव, निवांत झोप. त्यात तुझं काय काम न्हाय.

विनिता : बाबा, माझी बॅग अजून खांद्यावर आहे. कसले कागद?

कमळ : आन ती बॅग इकडं. दोन दिस गाडीत बसून आली पोर, आनि तुमी उंबऱ्यातच कागद काढलेत. हातपाय धू गो विनी. भाकऱ्या टाकते, बोंबलाचं कालवन हाय.

रामनाथ : मैदानाचे कागद. देऊन टाकतो मैदान.

विनिता : कोणाला?

रामनाथ : गोडाऊनवाल्याला. तीन बाजूंना गोडाऊनच हायत, चौथी बाजू मोकळी कशाला ठेवायची? त्याला आपला तुकडा आनि महादूचा तुकडा, दोनी लागतात. एकानं भागत न्हाय. महादू अकरा वर्षं मागं लागलाय माझ्या. सख्खा भाऊ हाय, त्याचं पन अडलंय माझ्यापायी.

विनिता : अकरा वर्षं तुम्ही काकांना नाही बोललात. आत्ताच काय झालं?

रामनाथ : तवा कारन व्हतं. आता न्हाय.

विनिता : मी खेळणं थांबवलं म्हणून?

रामनाथ : तू थांबवलं न्हायस. तुला काढली.

विनिता : कोण बोललं?

रामनाथ : कोन न्हाय बोलत ते विचार. भारताच्या रग्बीच्या टीमची यादी लागली. बारा पोरींची नावं, त्यात आपली न्हाय. आनि आपल्या जागी कोन? निजामपुऱ्याची नसरीन. सहा वर्षांमागं तूच आनलीस ना तिला या मैदानावर? तेरा वर्षांची व्हती. पायात भावाचे बूट, पुढं कापूस कोंबलेला. बॉल धरायला तिला कोनी शिकवलं? तू. एका ताटात जेवल्या तुमी दोघी. आनि तिनं तुझ्याच पुढचं ताट ओढलं.

कमळ : असं बोलू नये हो. लेकरू हाय ते.

रामनाथ : लेकरू. आनि ही कोन हाय मंग? यादी लागली, नसरीन दुसऱ्या दिवशी घरी. आमची पोर आठ दिवस परगावात तोंड लपवून बसली. बापाला फोन केला तर चार शब्द. मी थांबतेय सांगितलंस, सोडलं सांगितलंस, ठेवला फोन.

विनिता : तोंड लपवून नव्हते बसले. कोच मॅडमनी थांबवून घेतलं होतं. ज्युनिअरच्या पोरींचा कॅम्प होता, त्यांना टॅकल, म्हणजे पळणारीला पाडायचं कसं ते, शिकवायला.

रामनाथ : वा. स्वतः काढायची, आनि वर फुकटात शिकवून घ्यायचं.

विनिता : बाबा, एक विचारते. रविवारी पोरी आल्या होत्या का खेळायला?

रामनाथ : आलत्या.

विनिता : मग?

कमळ : सांगा की आता. कुलूप लावताना मला विचारलं न्हवतं, आता माझ्याकडं कशाला बघता?

विनिता : कुलूप?

रामनाथ : गेटाला कुलूप लावलं. माझं गेट, माझं कुलूप.

विनिता : नसरीन होती त्यात?

रामनाथ : सगळ्यांच्या पुढं. हातात मिठाईचा डबा. "चाचा, सिलेक्शन हो गया." मी बोललो, हुआ तो अच्छा हुआ, अब इधर नहीं आने का.

विनिता : काय बोलली ती?

रामनाथ : डबा गेटापाशी दगडावर ठेवला आनि वळली.

विनिता : काल रात्री फोन होता तिचा. अर्धा तास बोलत होती. बूट कोणते नेऊ, तिकडे जेवण कसं असतं, विमानात कान दुखतात का. मी विचारलं, बाबा भेटले का. बोलली, हां दीदी, सब ठीक है.

कमळ : बघा. त्या पोरीनं तुमची अब्रू राखली.

रामनाथ : मला कोनी राखायला नको. तुला ठावं हाय कमळ, मी काय केलंय या खेळापायी. चार खाचरं व्हती तिथं. बांध आमच्या बाबानं घातलेले, एकेक चिखलाचा गोळा लावून. ते चारी बांध मी माझ्या हातानं फोडले. शेतकऱ्यानं बांध फोडला म्हनून गावात हसले सगळे. भात सोडला, फळी फिरवली, सपाट केलं. पावसाळा झाला का परत फिरवायची. ट्रेलरवाले रात्री गाडी वळवायला आत घालायचे, त्यांच्याशी भांडलो. एकानं कॉलर धरली माझी. कशापायी? पोरीला पळायला जागा पायजे म्हनून. आनि अकरा वर्षांनी यादीत नाव न्हाय. त्या खेळाला आता माझ्या जमिनीवर जागा न्हाय. बस.

विनिता : मला नव्हतं माहीत कॉलर धरली ते.

रामनाथ : तू कोलकात्याला व्हतीस तवा.

कमळ : कोलकात्याचं नाव नका काढू. गळ्याजवळचं हाड मोडून आली व्हतीस. हे गेले आनायला. बंगाली येत न्हाय, धड हिंदी येत न्हाय, तरी गाडीतल्या टीसीशी भांडून खालची जागा मिळवली पोरीला. घरी आली तर वेनी घालता येईना. दीड महिना मी वेनी घातली. तुला एक सांगते विनी, कुनाला बोलली न्हाय आजवर. तू कबड्डी सोडून या खेळात गेलीस ना, तवा मी एकवीरेला नवस बोलली व्हती. बये, पोरीचं हे येड जाऊ दे, तुझी ओटी भरीन.

विनिता : आये.

कमळ : ऐक तर. हाड मोडून आलीस तवा मला वाटलं, देवीनं ऐकलं. पन असं ऐकायचं व्हतं का? मंग एक दिवस बघते तर, उजवा हात गळ्यात बांधलेला, आनि तू मागल्या दारी डाव्या हातानं बॉल भिंतीवर मारतेस. धरतेस, मारतेस. घामानं नुसती भिजलेली. हू की चू न्हाय. तशीच गेली मी कार्ल्याला आनि नवस मागं घेतला.

विनिता : असा नवस मागे घेता येतो?

कमळ : मी घेतला. देवी पन बाईच हाय, तिला कळतं. वर सांगून आली, आता खेळवायचीच असेल तर नीट खेळव, पडू नको देऊ.

रामनाथ : हे मला कधी बोलली न्हायस.

कमळ : तुमी गेटाला कुलूप लावताना मला बोललात?

विनिता : बाबा, बसा जरा. आये, तू पण बस. भाकऱ्या राहू दे.

रामनाथ : बोल.

विनिता : यादीत माझं नाव होतं.

रामनाथ : काय?

विनिता : नाव होतं. बारा नावांत. मीच काढायला लावलं, यादी लागायच्या आदल्या संध्याकाळी.

(कमळ चुलीवरचा तवा उतरवून बाजूला ठेवते.)

रामनाथ : का?

विनिता : कॅम्पमध्ये शेवटच्या आठवड्यात एक ड्रिल असते. दहा पावलांची पट्टी. एकीनं बॉल घेऊन पलीकडे जायचं, दुसरीनं तिला पाडायचं. सगळ्या टीमसमोर. माझ्यासमोर नसरीन आली. बाबा, मी कशासाठी ओळखली जायचे माहीत आहे ना तुम्हाला? ट्रायसाठी, बॉल रेषेपलीकडे टेकवून पॉइंट काढण्यासाठी नाही. अकरा वर्षांत मी ट्राय किती केले, बोटावर मोजण्याइतके. पण डाव्या बाजूनं माझ्या जवळून कोणी सुटून जायचं नाही. पंढरी सरांनी मला कबड्डीतून उचललं तेच त्यासाठी. आपल्या मंडळाच्या ग्राउंडवर बघितलं आणि बोलले, ही पाय धरते तो सोडत नाही. कबड्डीत आत आलेलीचा पाय धरतेस, इथं धावणारीचा धर, बाकी सगळं तेच.

रामनाथ : ठावं हाय. मीच सोडलं व्हतं तुला पहिल्या दिवशी, मुंबईच्या मैदानावर. अंड्यासारखा बॉल बघून मला वाटलं, हा काय खेळ हाय.

कमळ : मला तर अजून कळत न्हाय. पळायचं पुढं आनि बॉल द्यायचा मागं.

विनिता : पहिल्या दौऱ्यात पाच मॅच खेळलो, पाच हरलो. एकीत तर आम्हाला एक पॉइंट मिळाला नाही. रूमवर येऊन सगळ्या पोरी भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो. पण त्यांची एक मोठी प्लेअर होती, उंचीला सव्वासहा फूट असेल. मॅचनंतर आली, माझा हात हातात घेतला आणि बोटांनी दाखवलं, चार. चार वेळा तू मला पाडलंस. मी एकोणीस वर्षांची होते. मला वाटलं, हरलो तर हरलो, पण ही बाई घरी जाऊन माझं नाव सांगणार.

रामनाथ : हे पन नवीनच.

विनिता : फोनवर तुम्ही विचारायचात, जिंकलात का. नाही बोलले की पुढचं राहूनच जायचं. नंतर जिंकलो ना. जकार्त्याला पहिल्यांदा जिंकलो तेव्हा शेवटच्या मिनिटाला त्यांची मुलगी सुटली होती. समोर कोणी नाही, फक्त मी, आणि मला मागून पळत जायचं होतं. रेषा दोन पावलांवर होती, तेव्हा धरली तिला.

कमळ : ते मी बघितलं. मोबाइलवर. हे उभे राहून बघत व्हते, आनि रेष जवळ आली तसं तोंड फिरवलं यांनी.

रामनाथ : मला बघवलं न्हाय. मंग पोरं ओरडली तवा कळलं.

विनिता : तर त्या ड्रिलमध्ये नसरीन आली. पहिल्या वेळी सुटून गेली. मला वाटलं, ठीक आहे, एखादी वेळ. दुसऱ्या वेळी पण गेली. मग उलटं झालं. बॉल माझ्याकडे, ती पाडणार. तीनदा गेले, तीनदा पाडलं तिनं. तिसऱ्या वेळी मी जीव लावला होता, बाबा. सगळा. राग पण आला होता मला. तिचं डोकं बाजूला, खांदा माझ्या कमरेत, हात माझ्या गुडघ्यामागे. मी जसं शिकवलं तसं. मी खाली पडले तेव्हा तिच्या हातांचा वेढा बघितला. माझाच होता तो, पण माझ्यापेक्षा घट्ट.

कमळ : लागलं का कुठं?

विनिता : नाही गं. आत लागलं असेल तेवढंच. संध्याकाळी मॅडमकडे गेले. बोलले, यादी झाली का? त्या बोलल्या, तुझं नाव आहे. सीनिअर आहेस, हा एक दौरा खेळ आणि मग मोठ्या मानानं थांब. नसरीनचं वय पडलंय पुढं. मी बोलले, मॅडम, माझा मान राखायला टीमनं एक खेळाडू कमी न्यायचा का? तुम्ही आज मैदानावर होतात, मी पण होते.

रामनाथ : आनि त्यांनी ऐकलं?

विनिता : लगेच नाही. बोलल्या, रात्रभर विचार कर. मी बोलले, विचार करायला लागले तर हो बोलेन, म्हणून आत्ताच आले.

रामनाथ : वाईट न्हाय वाटलं तुला?

विनिता : वाटलं. बाथरूमचा नळ मोठा सोडून रडले. जर्सीची घडी घालून दिली तेव्हा हात सुटत नव्हता. पण लाज नाही वाटली. अजून नाही वाटत. अकरा वर्षं बाबा, तीन वेळा हाड मोडलं, दोनदा टीममधून गेले आणि परत आले. मला कोणी दया म्हणून घेतलं नाही, आणि मी दया म्हणून राहिले नाही. माझ्या जागेवर जी आलीय ती मला पाडून आलीय. दुसरी कुठली तरी आली असती तर मला झोप लागली नसती.

रामनाथ : नसरीनला ठावं हाय हे?

विनिता : नाही. आणि कोणी सांगायचं नाही. तुम्ही नाही, आये नाही. तिनं ती जागा घेतलीय, मी दिलेली नाही. मी दिली असं तिला वाटलं तर तिथं जाऊन ती माझ्यासाठी खेळेल. तिनं तिच्यासाठी खेळायला पाहिजे.

कमळ : आनि गावात काढली काढली बोलतात, त्यांना?

विनिता : बोलू दे. मला दोन-चार महिने ऐकायला लागेल, नंतर विसरतील.

रामनाथ : मी ऐकलं ना आठ दिवस. नाक्यावर गेलो का गप व्हायचे सगळे. महादू खांद्यावर हात ठेवून बोलला, जाऊ दे दादा, पोरगी हाय, किती दिवस खेळनार व्हती. मी घरी आलो आनि कुलूप शोधलं.

विनिता : बाबा, मला एवढंच बोलायचं होतं. जमीन तुमची आहे. विकायची असेल तर विका, मी आडवी येणार नाही. काकांचं अडलंय, ते पण खरं. तुमचे पाय दुखतात, दर वर्षी फळी फिरवायची ते पण बघते मी. पण माझ्यावर अन्याय झाला म्हणून विकू नका. तो झालेला नाही.

रामनाथ : हं.

कमळ : मी एक बोलू का? बोललं तर ओरडाल.

रामनाथ : बोल.

कमळ : रविवारी तुमी कुलूप लावून नाक्यावर गेलात ना. नसरीन गेली, बाकीच्या पोरी रस्त्यावरच उभ्या. नऊ जनी. लांबून आलेल्या, रिक्षा बदलत. मी त्यांना वाडीतनं मागच्या अंगानं आत सोडलं.

रामनाथ : तू?

कमळ : खेळल्या दोन तास. पानी दिलं. तुमी यायच्या आत परत वाडीतनं काढल्या. एकीनं जाताना आपली मिरचीची रोपं तुडवली, ती मी परत उभी केली. म्हनून तर बोलले न्हाय.

विनिता : आये, तू तर ग्रेट आहेस.

कमळ : ग्रेट कसली. मला वाटलं, कुलूप गेटाला हाय, वाडीला न्हाय.

रामनाथ : माझा फोन कुठं हाय?

कमळ : तुमच्याच खिशात.

रामनाथ : …महादू? हां. आईक. चारला येऊ नको. न्हाय, उद्या पन नको… तब्येत चांगली हाय माझी. मी देत न्हाय. … आलं ते ध्यानात, तुझं अडतं. तुझा तुकडा रस्त्याला लागून हाय, दुसरा कोनी घेईल, मी स्वतः फिरेन तुझ्यासंगं गिऱ्हाईक बघायला. पन माझ्या तुकड्यावर पोरी खेळतात… हां, हायेत अजून पोरी… राग येनार तुला, येऊ दे. जेवायला ये पन. बोंबलाचं कालवन हाय… बरं. न्हाय तर नको येऊ.

विनिता : ठेवला?

रामनाथ : त्यानं ठेवला.

विनिता : बाबा, मी विकू नका बोलले नव्हते.

रामनाथ : मी कुठं बोलतो तू बोललीस? मी अकरा वर्षं राखन केली ती एका पोरीपायी, असं मला वाटायचं. आता त्यातनं दोन निघाल्या. मंग कशाला घाई करायची. तुला त्या नऊ जनींना शिकवायचं हाय का?

विनिता : शिकवेन. जॉब बघायला लागेल आधी. पण रविवार माझा असेल.

रामनाथ : पोरींना फोन करून सांग, गेट उघडं हाय. वाडीतनं येऊ नका म्हनावं, मिरच्या जातात. आनि तिचं विमान कधी हाय?

विनिता : नसरीनचं? उद्या पहाटे. आज रात्री निघणार एअरपोर्टला.

रामनाथ : म्हंजे संध्याकाळपर्यंत घरी असंल. निजामपुऱ्यात कुठं राहते?

विनिता : मशिदीच्या मागे लूमची गल्ली आहे, त्यात. रिक्षा आत जात नाही, चालत जायला लागतं. मी येते ना.

रामनाथ : तू झोप. दोन दिस गाडीत बसलीस. कुलूप मी लावलं, तर मीच जातो. फक्त एवढं सांग, तिनं विचारलं का लावलं, तर काय सांगू? खरं कारन तर तू सांगू देत न्हायस.

विनिता : अर्धं सांगा. पोरीचं नाव दिसलं नाही, राग आला, तुझ्यावर काढला. तेवढं खरंच आहे.

रामनाथ : एवढी मानसं असतील तिथं, तिचा बाप असंल, शेजारी असतील. या वयात एका पोरीसमोर असं बोलायचं.

कमळ : लाज वाटते तर जाऊ नका.

रामनाथ : जानार न्हाय असं कुठं बोललो? तो पांढरा सदरा काढ माझा. आनि काय न्यायचं संगं?

कमळ : मिठाई तिनं आनली व्हती. तुमी कालवन न्या डब्यात. इमानात काय मिळतं कुनास ठावं, खाऊन जाईल.

रामनाथ : तिचा बाप मला वळखनार पन न्हाय. कधी भेटलो न्हाय आमी. दारात उभा राहून कोन म्हनून सांगू?

विनिता : रामनाथ म्हणून नाही ओळखणार ते.

कमळ : विनिताचा बाप म्हना. आत बसवतील.